जागल समुद्राकाठची

वाचकहो, तुमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसे किती, हे एकदा पारावर बसून मोजून पाहा. फौजेत जाऊन आलेला एखादा, मुंबईला नोकरी केलेला एखादा, कॉलेजच्या सहलीला गेलेली दोन-चार पोरे. बायांची मोजदाद करायला एका हाताची बोटे पुरतील. आमच्या वाशीम जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत तर समुद्र हा पोथीतला. मंथन झाले, चौदा रत्ने निघाली, एवढाच त्याचा आपला संबंध.

वास्तविक संबंध याहून जवळचा आहे. आपला जिल्हा दोन समुद्रांच्या पाणलोटावर बसलेला आहे. वाशीम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. पैनगंगेचे पाणी मात्र वर्धेत, तिथून प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेच्याच बाजूच्या. म्हणजे एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला जाऊ शकतो. तीस वर्षे कृषी खात्यात विस्ताराचे काम करताना पाणलोटाचे नकाशे मांडून हे मी कितीतरी सभांत सांगितले आहे. पण ते पाणी जिथे जाते तिथे आपल्या घरची माणसे न्यावीत, हे काही योजून झालेले काम नव्हे. ते एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठरले आणि साडेआठला गाडी निघाली.

त्याचे कारण सांगतो. मी नोकरीनिमित्त वाशीमला राहतो. गावी, मालेगाव तालुक्यात, आमची सात एकर जमीन धाकटा भाऊ कसतो. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने सोयाबीनचे काय झाले ते तुम्ही भोगलेच आहे. भावाच्या पाच एकरांत साडेसात क्विंटल झाले, तेही काळे. हमीभाव कागदावर ५,३२८ रुपये होता, परंतु त्या मालाला कोणी हात लावायला तयार नव्हते. सोंगून ठेवलेली सुडी ताडपत्रीखाली होती, तिला खालून मोड आले.

पीक गेले याचे दुःख आपल्याला नवे नाही. मला काळजी वाटत होती ती दुसऱ्या गोष्टीची. दिवाळीनंतर तो पारावर यायचा बंद झाला. सोसायटीच्या सचिवाचा फोन आला की उलटा ठेवून द्यायचा. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीत उठायचा. हरभऱ्याला पाणी द्यायला मात्र रात्री एकटाच जायचा, मुलगा येतो म्हटले तरी नको म्हणायचा. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यांत आपला जिल्हा का होता, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या नोकरीत मी अशा घरांच्या ओसरीवर बसलो आहे, जिथे दोन महिन्यांपूर्वीची हीच लक्षणे मागाहून सांगितली गेली.

त्या शुक्रवारी, २ जानेवारीला, मी आणि पत्नी गावी गेलो होतो. भाऊ ओसरीवर खांबाला टेकून बसलेला. पुतण्या म्हणाला, "काका, तुमाले दोन दिवस सुट्टी आहे ना? कुठं तरी न्या ना बाबाले." मी म्हटले, "कुठं न्यावं?" यावर कोणी बोलेना. एवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या भावजयीचा आवाज आला. मी तिचा भासरा. एरवी पदर सावरून चारच शब्द बोलणारी ती म्हणाली, "समुद्र पाह्यला नाही आमी कधी."

भाऊ म्हणाला, "कायले? तिकडे काय पाहाचं आहे? पाणीच ना? पाणी पाह्यलं ना यंदा."

चार महिन्यांत त्याने केलेला हा पहिला विनोद. मी लगेच गाडीत हवा किती आहे ते पाहायला उठलो.

आईला विचारले. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणाली, "मी चंद्रभागा पाह्यली. त्याच्यापुढं तुमचा समुद्र काय करते? जा तुमी, मी गाय पाहतो." धारेला चुलतभाऊ येणार, तुरीवर त्याचाच सालदार नजर ठेवणार, असे ठरले. तूर सोंगायला अजून दहा दिवस होते, हरभऱ्याचे पाणी आदल्या रात्रीच झाले होते. शेतकऱ्याच्या घरात दोन दिवस मोकळे निघतात ते असेच, फटीतून. ते अगोदर ठरवू म्हटले तर कधीच निघत नाहीत.

मुक्कामाचे सामान काय घ्यावे, यावर पुतण्याने मोबाईलवर तंबूंच्या किमती दाखवायला सुरुवात केली. मी त्याला म्हटले, अरे, शहरातले लोक ज्याला कॅम्पिंग म्हणतात त्याला आपण जागल म्हणतो. रानडुकरे आणि रोही यांच्यापायी वर्षातल्या साठ-सत्तर रात्री जो माणूस मळ्यात उघड्यावर काढतो, त्याला तंबूचे काय शिकवायचे? दोन सतरंज्या, चार घोंगड्या, कंदील, बॅटरी, पातेले, तवा, ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, ठेचा, कांदे. सामान भरत असताना भाऊ न बोलता गोठ्यामागे गेला आणि सुडीवरची ताडपत्री घेऊन आला. तिला अजून कुजक्या सोयाबीनचा वास येत होता. मी काही बोललो नाही. वर बांधली.

मालेगावजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंत पुतण्याने गाडी चालवली. हा रस्ता आपल्या लोकांच्या जमिनीतून गेला, पण त्यावर ना ट्रॅक्टर चालत, ना दुचाकी. आपल्याच बांधावरून परक्यासारखे जाताना थोडे चमत्कारिक वाटते. पुढे अहिल्यानगर, पुणे. मुळशीच्या तलावाकाठी उजाडले, तिथे चहा झाला आणि ताम्हिणी घाट उतरून आम्ही माणगावला लागलो. घाटाखाली उतरल्याबरोबर हवा बदलते, कपडे अंगाला चिकटतात. काळी जमीन संपून तांबडी सुरू होते. शेते अशी इवलीशी की भावजय पत्नीला म्हणाली, "बाई, हे वाफे आहेत का वावरं?" म्हसळ्यावरून बोर्ली पंचतन आणि तिथून दिवेआगर. सकाळचे अकरा वाजत आले होते. घरापासून साधारण सहाशे किलोमीटर झाले.

समुद्र पाहिल्याचे वर्णन मी करणार नाही, ते लेखकांनी पुष्कळ केले आहे. एवढेच सांगतो की भावजयीने चपला काढून हातात घेतल्या, देवळात शिरावे तशी, आणि भाऊ पाण्याकडे न पाहता वाळू मुठीत घेऊन पाहत बसला. "हिच्यात काय पिकते?" हा त्याचा पहिला प्रश्न.

उत्तर किनाऱ्यामागेच उभे होते. दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात वाळूच्या मागे लगेच नारळ-पोफळीच्या वाड्या लागतात. आम्हाला किनाऱ्यावरच ताडपत्री टाकायची होती. पण जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका कोळी बाबांनी अडवले. म्हणाले, आज पुनव, उधाणाची भरती. शिवाय हे कासवांचे अंडी घालायचे दिवस, वाळूवर जाळ आणि दिवे नकोत. त्यांनीच एका वाडीवाल्यांचे घर दाखवले. पंच्याहत्तरीचे गृहस्थ. "शेतकरी आहात ना? मग पडवीसमोर हवी तेवढी जागा आहे," असे म्हणून त्यांनी आधी शहाळी काढून दिली. पैशाचे नाव काढू दिले नाही.

वाचकहो, ही वाडी तुम्हाला दाखवायला हवी होती. तीस गुंठे जागा, आपल्याकडे एवढ्यात आपण पऱ्हाटी लावायचाही कंटाळा करतो. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मधे जायफळ, खाली केळी. पाच मजली शेती. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची पिके घेण्याची अशी पद्धत बसवली, तिला 'लाखी बाग' म्हणतात. तत्त्व आपलेच आहे. सोयाबीनमध्ये तूर घेतो तेव्हा आपणही दोन मजले बांधतोच. यंदा भावाची तूर उभी राहिली ती त्यामुळेच.

त्याहून नवल विहिरीचे. समुद्र हाकेवर, आणि विहिरीचे पाणी गोड, तेही बारा-पंधरा फुटांवर. भावाला ते पटेना. त्याने ओंजळीने दोनदा पिऊन पाहिले. इकडे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर खारट पाणी लागते! मी त्याला सांगितले, पावसाचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय धरावी तसे. मोठा पंप लावून उपसा केला की साय फाटते आणि खालचे खारे वर येते. मग ती विहीर सुधारायला अनेक पावसाळे लागतात. "म्हणजे इथं बी बोअरवाल्याचं काम नाही," भाऊ म्हणाला. त्यावर वाडीवाले खूप हसले.

दुपारी जेवणे झाली. आमच्या घरात माळ आहे, त्यामुळे मासळीचा प्रश्न नव्हता. भावजयीने तीन दगडांवर वरण शिजवले. त्या वासाने घरच्या आजी बाहेर आल्या आणि "ही डाळ कुठली हो?" म्हणून विचारू लागल्या. वाटीभर वरण आत गेले, वाटीभर सोलकढी बाहेर आली. बायकांचे जमले. आणि मग पोफळीच्या बुंध्याला टेकून भावाने वाडीवाल्यांना विचारले, "झाडं सारी एका वयाची काऊन दिसतात?"

ते म्हणाले, "निसर्ग."

भावाला वाटले, निसर्गाची करणी वगैरे म्हणतात. पण ते वादळाचे नाव होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरच जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वाडीवाल्यांच्या चारशे पोफळी होत्या, वादळानंतर साठ राहिल्या. चाळीस माडांपैकी नऊ. काही झाडे त्यांच्या आजोबांच्या हातची. आंबा मोडला तर बुंध्याला फुटवा तरी येतो. माड आणि पोफळ यांना वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्याला. तो मोडला की झाड संपले.

"तुमचं पीक चार महिन्यांचं हो वाशीमकर," ते म्हणाले. "गेलं तर गेलं, पुढच्या जूनला पुन्हा पेरता. माझी पोफळ धरायला सहा-सात वर्षं. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांचा होतो."

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्या रात्री काय केलं तुमी?"

"काय करणार? घरावर कौलं नव्हती. सकाळी करवत शोधली. पंधरा दिवस नुसतं कापत होतो, नुसता वाट मोकळी करत होतो. लावायचं नाव काढलं नाही. मुलगा म्हणाला, बाबा, विकून टाकू. मी म्हटलं, आधी वाट तर मोकळी होऊ दे." नंतर त्यांनी प्रथम केळी लावल्या. कारण पोफळीच्या कोवळ्या रोपाला दुपारचे पश्चिमेचे ऊन सोसत नाही, आणि सावली देणारी झाडेच उरली नव्हती. केळीच्या सावलीत पोफळी. यंदा त्यांतल्या काही झाडांना पहिला फुलोरा आला होता. तो त्यांनी आम्हाला नेऊन दाखवला. मदतीबद्दल विचारले तर म्हणाले, "आमच्या वाड्या गुंठ्यांत आणि सरकारचा हिशेब हेक्टरात. पण मिळालं थोडं, नाही म्हणत नाही."

दोघे मग करवती, भाव आणि मजुरी यांवर बोलू लागले. मी मुद्दाम उठून गेलो.

संध्याकाळी ओहोटीला किनारा पाव मैल रुंद झालेला. एकीकडे सूर्य बुडत होता आणि मागे माडांतून पौष पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. तेवढ्यात ओल्या वाळूत शहरातल्या कोणाची तरी मोटार रुतली. भरती फिरली होती, पाणी चाकांकडे येऊ लागले, आणि चालक मात्र जोर देऊन चाके आणखी खोल घालत होता. आमचा भाऊ धावला. "अरे, बंद कर ना बाबा! खोल चालली ना ते!" चारही चाकांची हवा कमी करवली, पुतण्याला वाडीतून झावळ्या आणायला पिटाळले, त्या चाकांखाली घातल्या आणि आठ जणांनी रेटा दिला. चिखलात ट्रॅक्टर काढणाऱ्या माणसाला वाळूतली मोटार काय जड! मोटारवाल्याने पाचशेची नोट पुढे केली, ती त्याने परत केली आणि वर दोन शब्द सुनावले. चार महिन्यांनंतर मी त्याचा तो चढा आवाज ऐकला.

त्या कोळी बाबांनी आम्हाला भरतीचा एक हिशेब सांगितला. तो तुम्हीही लिहून ठेवा, पोरे कुठे समुद्रावर गेली तर कामास येईल. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. थोडेफार पुढेमागे होते, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे चालते. पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण, मोठे. अष्टमीच्या सुमाराचा तो भांग, लहान. पाणी ओसरू लागले असता आत शिरू नये, ते ओढून नेते. हरिहरेश्वरला खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, ती ओहोटीतच करायची. भरतीत तिथे लाटांनी माणसे नेली आहेत.

रात्री ताडपत्री दोन माडांना बांधली आणि तिच्याखाली सगळे झोपलो. गाजेचा आवाज सारखा चालू. मला जाग आली तेव्हा पावणेबारा झाले होते. शेजारची घोंगडी रिकामी होती.

त्या क्षणी माझे काय झाले ते लिहीत नाही. वाडीच्या फाटकाकडे पळत गेलो. वाळू चांदण्यात पांढरी दिसत होती, पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेले, आणि वाडीच्या गडग्यावर भाऊ घोंगडी पांघरून बसला होता. हातात मोबाईल.

"काऊन रे, इथं काय करून राह्यला?"

"सव्वाअकराले येते म्हणे तो म्हातारा. सव्वाअकराले नाही आली. आत्ता थांबली पाह्य," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचा फरक आहे त्याच्या हिशेबात."

मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "दादा, आपलं पाणी इथंच येते ना?" मी सांगितले, इथे नाही, वर सुरतेला, पण समुद्र हाच. "म्हणजे वावरातली माती बी इकडंच आली." मी म्हटले, ती एवढ्या लांब आली नसेल, बहुतेक महानच्या धरणात बसली असेल. तो "हं" म्हणाला. आणि मग मी न विचारता त्याने आकडे सांगितले. सोसायटीचे एक लाख ऐंशी हजार. ते मला माहीत होते. कृषी सेवा केंद्राची उधारी बावीस हजार. आणि एका खासगी माणसाचे साठ हजार, महिना पाच टक्क्यांनी. ते घरात कोणालाच माहीत नव्हते.

पाणी उतरू लागेपर्यंत आम्ही बसलो होतो.

रविवारी सकाळी आठला निघालो ते रात्री साडेनऊला घरी. खर्चाचा हिशेब तुम्हाला हवा असेलच: बाराशे किलोमीटरचे डिझेल आणि टोल मिळून साडेदहा हजार, वरचा खर्च हजारच्या आत. कर्ज असलेल्या घराला हा खर्च थोडा नाही, म्हणून तो मी केला. समुद्राने कर्ज फिटत नाही, हेही तितकेच खरे. पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो, पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज दिला. साठ हजारांचे आम्ही दोघांनी मिळून पाहिले. आणि तुमच्या घरात कोणी असे खांबाला टेकून बसू लागले असेल, तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. भावाला मी तो क्रमांक दिला, त्याने दोनदा फोन केला असे भावजय सांगते. मी त्याला विचारलेले नाही.

तूर जानेवारीच्या अखेरीस झाली. भावजयीने पहिली डाळ जात्यावर भरडली, आणि दहा किलोंचा कट्टा शिवून भावाने तो एस.टी.च्या पार्सलने श्रीवर्धनला पाठवला. मग वाडीवाल्यांचा फोन आला. दोघे अर्धा तास बोलत होते, हा वऱ्हाडीत आणि ते कोकणी वळणाच्या मराठीत. एकमेकांचे किती कळत होते देव जाणे. आई आतून म्हणाली, "कोणाशी बोलून राह्यला एवढा वेळ?" भाऊ फोनवर हात ठेवून म्हणाला, "थांब ना आई, त्याच्या पोफळीले फुलं लागले, ते सांगून राह्यला."